जेलर गया ना, भो!

अमळनेर,
८ नोव्हेंबर २०२५

प्रिय बापू,

परवा फोनवर भांडण अर्धवट राहिलं म्हणून हे पत्र. मोबाइलवर चार ओळींपेक्षा जास्त लिहिलं की तू नुसता अंगठा पाठवून मोकळा होतोस. पत्राला अंगठा देता येत नाही.

तुझं म्हणणं असं की, साडेतीनशेच्या वर सिनेमे केलेल्या माणसाला तुम्ही 'शोले'तल्या एका जेलरच्या टोपीत कोंबलंत, हा असरानीवर अन्याय आहे. तो गेला तेव्हा टीव्हीवाल्यांनी तेवढाच तुकडा दिवसभर फिरवला म्हणून तू चिडलास. ते मला पटलं. पण तुझ्या तावडीत टीव्हीवाल्यांसोबत आम्हीही सापडलो. "तुम्ही ओट्यावरचे लोक तरी काय वेगळे?" असं म्हणालास, ते मला लागलं. म्हणून आधी ओट्यावर त्या रात्री काय झालं ते ऐक.

नरक चतुर्दशीचा सोमवार होता. पहाटे उठून अभ्यंगस्नान झालेलं, त्यामुळे रात्री सगळे पेंगुळलेले. शेव, चिवड्याच्या ताटल्या फिरत होत्या आणि कापसाच्या भावावरून नेहमीची रडारड चालली होती. तेवढ्यात पाटलांच्या पोराने मोबाइलमधून डोकं वर काढलं आणि म्हणाला, "जेलर गया ना, भो!"

कोणता जेलर, असं एकानेही विचारलं नाही. जळगावच्या कारागृहात पगारी जेलर असतो, पण त्याचं नाव आपल्यापैकी कुणाला माहीत आहे? इथे मात्र वीस वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या आबांपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस उभा राहिला. कपाळावर ओघळलेले केस, नाकाखाली चौकोनी मिशी आणि छाती जरा जास्तच पुढे.

पुढची बातमी आली तेव्हा मंडळी जास्त हलली. दुपारी गेला आणि संध्याकाळी सांताक्रूझच्या स्मशानात सगळं उरकलंसुद्धा. गाजावाजा नको, असं त्याने बायकोला आधीच सांगून ठेवलं होतं म्हणे. जगाला कळलं ते नंतर. आता तूच सांग, हे आपल्या लोकांच्या पचनी कसं पडावं? आपल्याकडे सुरतेहून निघालेला शेवटचा पाहुणा पोचल्याशिवाय उचलत नाहीत. नंतर द्वारदर्शन, म्हणजे दारावर जाऊन भेटणं, मग सुतक संपवणारी गंधमुक्ती. वर्षानुवर्षं बोलणं नसलेला चुलतभाऊसुद्धा दारावर येऊन बसतो, दोन शब्द बोलतो, चहा घेत नाही आणि निघून जातो. आबांना तर ते खपेचना. "असं कसं? कोणालेच सांगं नही?" हे त्यांनी दोनतीनदा विचारलं, जणू पाटलांच्या पोरानेच निरोप द्यायचा राहून गेला होता.

म्हणजे माणूस आपला, आणि दारावर जायला दार नाही. त्यात दिवाळी, म्हणजे तोंड पाडूनही बसता येत नाही. मग जो तो दुसऱ्याच्या दारात बसून त्याचे डायलॉग म्हणायला लागला. तुला हा पोरकटपणा वाटतो, पण मी तिथे बसलो होतो. ते द्वारदर्शनच होतं, फक्त हसत हसत चाललेलं.

आपले शिंपीकाका आठवतात ना? गणेश मंडळाच्या कार्यक्रमात दरवर्षी जेलर व्हायचे ते. आता हात थरथरतो, सुईत दोरा नात ओवून देते. ते इतका वेळ गप्प होते. कुणीतरी "आधे इधर जाओ" सुरू केलं, तसे एकदम उखडले. म्हणाले, "तुम्ही सगळे ओरडता. तो ओरडत नाही रे. तो हुकूम देतो. आपण हसण्यासारखं काही बोलतोय हे त्याला माहीतच नाही." मग उठून उभे राहिले आणि करून दाखवलं. पहिला हुकूम, दुसरा हुकूम, आणि मग "बाकी मेरे पीछे आओ". वळले आणि चालायला लागले. चार पावलं गेले. मागे कुणी नाही हे बघितलंच नाही. चालीतला ताठा तसूभर कमी नाही. सगळी गल्ली हसली, पण मी त्यांची मान बघत होतो. मागे वळून बघायची इच्छा होते आहे आणि साहेब माणसाला ते शोभत नाही, एवढं सगळं त्या मानेत होतं. बापू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे कबूल करतो. आता त्यावर अंगठा पाठव.

त्यांच्या मिशीची गंमत मला त्या रात्री कळली. आपल्याला वाटायचं काजळाची आहे. छे! काजळ घामाने ओघळतं म्हणून काका बुटाच्या जुन्या ब्रशचे केस कापून डिंकाने चिकटवायचे, आणि कार्यक्रमानंतर ती मिशी आगपेटीत घालून शिलाई मशीनच्या खणात ठेवायचे. आगपेटी अजून आहे. मी उघडून पाहिली, केस कडक होऊन पार काटे झालेत.

आता तुझ्या अन्यायाकडे येतो. तू पुण्यात राहतोस आणि लॉ कॉलेज रोडवरून कितीदा तरी जातोस, तेव्हा हे तू मला सांगायला हवं होतंस. असरानी मूळचा जयपूरचा, सिंधी घरातला. आधी तिथल्या आकाशवाणीवर आवाज द्यायचा. मग पुण्याला आला आणि १९६६ साली त्याच रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून अभिनय शिकून बाहेर पडला. ते सर्टिफिकेट घेऊन मुंबईत फिरला, तर निर्माते हसायचे, अभिनयाला कसलं आलंय सर्टिफिकेट! हे त्यानेच मुलाखतीत सांगितलंय. मग काम मिळेना म्हणून परत इन्स्टिट्यूटमध्ये येऊन पोरांना शिकवायला लागला. जया भादुरी त्याची विद्यार्थिनी. १९७१ साली हृषीकेश मुखर्जींच्या 'गुड्डी'त ती नायिका, आणि हे मास्तर हीरो व्हायला मुंबईला पळून आलेल्या पोराच्या भूमिकेत, ज्याला शेवटी गर्दीत उभं राहावं लागतं. स्वतःच्या नशिबाची इतकी स्वच्छ चेष्टा फार थोड्यांना जमते. भुसावळहून गाडीत बसून मुंबईला हीरो व्हायला गेलेले आणि पुढे कल्याणला किराणा दुकानात लागलेले आपल्या भागातले पोरगे तुला माहीत आहेत. मी त्यांच्यापैकी एकाबरोबर 'गुड्डी' पाहिला होता. तो मध्येच उठून बाहेर गेला आणि आत आलाच नाही.

आईचं सांगतो. ती आजही जेलरला हसत नाही. का, तर तिने 'कोशिश' पाहिलाय. शेजारच्यांच्या टीव्हीवर, दूरदर्शनवर. त्यात हा मुक्याबहिऱ्या बहिणीच्या संसारात घुसलेला हरामखोर भाऊ आहे. चोऱ्या करतो, आणि त्याच्या पायी तिचं तान्हं पोर जातं. गुलजारांचा सिनेमा, १९७२चा. म्हणजे 'शोले'च्या तीन वर्षं आधी. पण आपल्याकडे क्रम उलटा झाला, आधी जेलर आला आणि मग हा. त्या दिवशी मी घरात जाऊन आईला सांगितलं की, असरानी गेला. ती वाती करत होती. म्हणाली, "कोण? त्या मुकीचं पोर मारलं तो?" मी हो म्हटलं. थोड्या वेळाने विचारते, "पोरंबाळं आहेत का त्याला?" मी म्हटलं, बायको आहे. त्यावर एवढंच म्हणाली, "दिवाळीत गेला बिचारा." तिने त्याला माफ केलं की नाही ते मला कळलं नाही. पण इतकी वर्षं एखाद्या बाईचा राग धरून ठेवणारा नट विनोदवीर म्हणून संपतो कसा, हे तू मला समजावून सांग.

'अभिमान'मधला सेक्रेटरी चंदर, 'छोटी सी बात'मधला स्कूटरवाला नागेश, हे तू सांगू नकोस, मला पाठ आहेत. 'आज की ताज़ा ख़बर' आणि 'बालिका बधू' यांना विनोदी नट म्हणून फिल्मफेअर मिळालं. गुजरातीत तर तो चक्क हीरो होता, आणि १९७७ साली 'चला मुरारी हीरो बनने' स्वतः लिहून, दिग्दर्शित करून मोकळा झाला. एवढं सगळं मान्य करून मी म्हणतो, लोकांनी जेलर निवडला यात त्यांची अक्कल कमी पडलेली नाही.

कारण तो जेलर त्या सिनेमातला सगळ्यात ओळखीचा माणूस आहे. खरं सांग, आपण गब्बर कुठे पाहिला होता? हात तोडलेला ठाकूर पाहिला होता? जय आणि वीरू तर स्वप्नातले. पण इतक्या बदल्या होऊनही आपण बदललो नाही, असं छातीठोकपणे सांगणारा साहेब मात्र आपण आयुष्यभर पाहिला. मी ज्या कार्यालयात नोकरी केली तिथे असा एक साहेब होता. शिपाई, कारकून, हेड क्लार्क, सगळ्यांना कामं वाटून द्यायचा आणि शेवटी फायलींचा गठ्ठा काखेत मारून स्वतः एकटा जिल्ह्याला जायचा, एसटीत उभा राहून. आम्ही मागून त्याच्या नकला करायचो. तो निवृत्त झाला त्या दिवशी मात्र निरोपाला सगळे थांबले. कोणाचं मन मोडलं नाही त्या माणसाने.

असरानीने तो साहेब पकडला. सोंग हिटलरचं होतं, सिनेमाचे लेखक सलीम-जावेदनी त्याला हिटलरचे फोटो दाखवले होते म्हणतात, आणि चॅप्लिनची सावली तर उघडच आहे. पण आत भरला तो आपल्याकडचा सरकारी माणूस. इंग्रज जाऊन २५ वर्षं उलटली तरी त्यांच्या रुबाबावर जगणारा, आणि मनातून भेदरलेला. पाठीला लाकडाचा तुकडा टेकवला तरी बंदूक समजून घामाघूम होणारा. दुसऱ्या एखाद्या नटाने त्याला नुसता मूर्ख करून टाकला असता. याने त्याची इज्जत राखली.

यात्रेतला तंबू तुला आठवत असेलच. बोरी नदीच्या वाळूत, सखाराम महाराजांच्या यात्रेत. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ला लागला, मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं हलला नाही, आणि आपल्या तंबूत आला तेव्हा रिळांवर इतक्या रेघा की रामगढला बारमाही पाऊस. मशीन एकच, म्हणून रीळ बदलताना बत्ती लागायची. जेलरचं रीळ संपून बत्ती लागली की सगळी पोरं वाळूत कवायत सुरू करायची. अर्धे बायकांच्या बाजूला, अर्धे शेंगदाणेवाल्याकडे, आणि जेलर झालेला पोरगा मधोमध एकटा. त्यासाठी भांडणं व्हायची. गब्बर व्हायला कुणीही तयार असे, आवाज चढवला की काम भागायचं. जेलरला मात्र एकटं चालावं लागायचं, आणि हसायचं नाही. तुला ते एकदाही जमलं नाही. दोन पावलं टाकलीस की फिसकन हसायचास. मला वाटतं तुझा राग तिथूनच सुरू होतो.

(असरानीनंतर पाच दिवसांनी विनोदी नट सतीश शहाही गेले. त्या रात्री ओट्यावर कुणी फारसं बोललं नाही. दिवाळी संपली होती, आणि एका महिन्यात दोनदा तेच करायची ताकद उरली नव्हती.)

एक मात्र तुझं मान्य. 'गुड्डी' किंवा 'कोशिश' आमच्या पोरांनी पाहिलेला नाही, आणि ते त्यांना दाखवायला हवेत. पाटलांचा पोरगा म्हणतो, मोबाइलवर मिळालं तर गणपती मंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर लावून दाखवू, त्याच्या मित्राकडे प्रोजेक्टर आहे. आईला ओट्यावर खुर्ची टाकून देऊ. ती पुन्हा चिडेल ते सोड.

तर आता मुद्द्याचं. ४ डिसेंबरला दत्तजयंती आहे. तू दोन दिवस आधी ये. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला जाऊ, परत येताना शिरपूरला तुझ्या मावशीकडे. तोवर भरताची वांगीही चांगली येतील. शेतात काट्यांवर भाजू, सोबत कळण्याची भाकरी. यंदा सप्टेंबरच्या पावसाने कापूस गेला, पण वांगी आहेत. शिंपीकाकांनी तुझं माप मागितलंय, जुनं खाकी कापड त्यांच्याकडे उरलंय आणि या वेळी मंडळात जेलर तुलाच करायचा त्यांचा विचार आहे. मी त्यांना सांगितलं की हा हसतो. ते म्हणाले, अजून वेळ आहे, शिकवतो.

तेव्हा कमरेचं माप खरं कळव. वहिनींना नमस्कार, आणि धाकटीच्या परीक्षेचं काय झालं ते लिही.

तुझा,
नाना