जनरल रजिस्टर जपणाऱ्या भाऊसाहेबांस

आदरणीय भाऊसाहेब,
सप्रेम नमस्कार.

शाळेचा इतिहास लिहायचा म्हटले की आधी फोटो शोधले जातात. पहिले फादर प्रिन्सिपॉल, नव्या इमारतीचा आशीर्वाद, गॅदरिंग. वसईतल्या आपल्या हायस्कूलचा खरा इतिहास मात्र ऑफिसातल्या कपाटात आडव्या ठेवलेल्या जनरल रजिस्टरांत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदवह्यांत आहे, आणि तो आज वाचता येतो तो तुमच्यामुळे. निवृत्त झाल्यावरही तुम्ही दुपारच्या दुपारी येऊन बसलात आणि एकेक रकाना उलगडून दाखवलात. जाहीर आभार मानताना तुम्ही काय शिकवलेत तेही लिहायला हवे. किनाऱ्यावरच्या चर्चच्या शाळांत अशीच रजिस्टरे आहेत आणि चुकाही त्याच होतात.

सगळ्यात आधी तुम्ही रजिस्टर नंबराचा घोळ सोडवलात. चर्चची शाळा प्राथमिक होती, मग वरचे वर्ग एकेक करून जोडले गेले आणि हायस्कूलला मान्यता मिळाल्यावर नवी वही उघडून नंबर पुन्हा १ पासून सुरू झाले. सिस्टरांची मुलींची शाळा पुढे यात मिळाली, तिची वही तिसरी. म्हणजे ११२ नंबरची तीन मुले! दाखल्याची दुसरी प्रत मागायला आलेल्याने नुसता नंबर सांगितला तर तीनपैकी कुणाचेही नाव निघू शकते. तुमच्या किल्लीच्या वहीत, म्हणजे नोंदी शोधायच्या वहीत, म्हणून नंबराआधी वहीचे अक्षर आहे : प्रा., हा., मु. एवढ्या साध्या खुणेने किती घोटाळे टळले असतील!

इयत्तेचेही तसेच. १९४९ मध्ये पुण्याच्या बोर्डाची एस.एस.सी. सुरू झाली. त्याआधीची मुले मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला बसत, म्हणून त्यांच्या शेऱ्यात 'मॅट्रिक' आहे. पुढे शेवटचा वर्ग अकरावीचा, आणि १९७५ पासून नव्या पद्धतीची दहावी. आजची मुले 'इयत्ता अकरावी उत्तीर्ण' वाचतात आणि आजोबा ज्युनिअर कॉलेजला गेले होते असे समजतात. ते हायस्कूलचेच शेवटचे वर्ष होते.

जन्मतारखेच्या रकान्यावर तुम्ही सर्वांत जास्त वेळ दिलात, आणि ते योग्यच होते. कॅथलिक मुलांची तारीख पूर्वी चर्चच्या बाप्तिस्मा नोंदीवरून घेत. ती नोंद लॅटिनमध्ये असेल तर तिची मांडणी ठरलेली असते : आधी साल, दिवस, महिना, मग फादरांचे नाव, मग 'बाप्तिझावी' म्हणजे मी बाप्तिस्मा दिला. जन्माची तारीख त्यानंतर येते, मुलगा असेल तर 'नातुम' आणि मुलगी असेल तर 'नाताम' या शब्दाच्या शेजारी. लॅटिन न येणारा माणूस पहिली तारीख उचलतो आणि बाप्तिस्म्याचा दिवस जन्मदिवस म्हणून शाळेत लागतो. फरक सहसा काही दिवसांचाच. पण तो महिनाअखेरीला आला तर नोकरीतल्या माणसाच्या निवृत्तीचा महिना बदलतो, पासपोर्ट अडतो. 'दोन कागदांत थोडाच फरक दिसला तर आधी चर्चची वही उघडा, अ‍ॅफिडेव्हिटच्या मागे नंतर लागा,' हा तुमचा सल्ला ऑफिसच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे.

नावांची तऱ्हा याच्याही पुढची. घरी दुमिंग, चर्चच्या वहीत दोमिनिकुस, शाळेत डॉमिनिक. आडनाव थोरल्या भावाचे लोपेस, धाकट्याचे लोपीस. गोन्सालविस तर तीन तऱ्हांनी लिहिलेले. दाखल करणाऱ्या गुरुजींच्या कानावर जसे पडले तसे कागदावर उतरले, त्यात कुणाचा दोष नाही.

इथेच तुमचे सर्वांत मोठे काम दिसते. तुम्ही एकही जुनी नोंद खोडरबराने किंवा पांढऱ्या शाईने झाकली नाहीत. मुलगा शाळा सोडून गेला की नाव, जात किंवा जन्मतारीख मुख्याध्यापकांनाही परस्पर बदलता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. नियम सगळ्यांनाच माहीत असतो. पण दारात ओळखीचा माणूस उभा असताना तो पाळणे अवघड, आणि तुम्ही पाळलात. एका पानावर 'लोपेस'वर एकच सरळ रेघ आहे, खालचे अक्षर न् अक्षर वाचता येते. वर तांबड्या शाईत 'लोपीस'. शेऱ्याच्या रकान्यात परवानगीच्या पत्राचा जावक क्रमांक, तारीख आणि हेडमास्तरांची आद्याक्षरी सही. बोटभर जागेत सगळे मावले आहे. आधी काय होते, कधी बदलले, कुणाच्या हुकमाने बदलले, सगळे तिथेच. इतिहास लिहिणाऱ्याला याहून जास्त काय हवे?

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हा जुन्या नोंदींतला 'जि. ठाणे' खोडून 'पालघर' करावा असा आग्रह काहींनी धरला होता. तुम्ही तो मानला नाहीत. जन्म झाला तेव्हा जिल्हा ठाणेच होता. पुठ्ठ्यांवरचे जुने शिक्केही तुम्ही तसेच ठेवलेत. १९२८ मध्ये पाद्रोआदोचा, म्हणजे पोर्तुगीज राजसत्तेच्या आश्रयाखालचा, दमण धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतला भाग) बंद झाला आणि त्यातली इथली चर्चेस मुंबईच्या आर्चबिशपांकडे आली. २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. शाळा एकाच जागी राहिली, वरचे व्यवस्थापन बदलत गेले, आणि ते शिक्क्यांवरून पानोपानी कळते. धर्माच्या रकान्यात कुठे 'नेटिव्ह ख्रिश्चन', कुठे 'इंडियन ख्रिश्चन', कुठे नुसते 'रो. कॅ.' (रोमन कॅथलिक) हेही तसेच ठेवलेत ते बरे केलेत. ते शब्द त्या त्या काळाचे आहेत.

शाळा सोडल्याचे कारण हा रकाना बहुतेक जण वाचतच नाहीत. तुम्ही तो आधी वाचायला लावलात. 'शेतीकाम', 'वडिलांबरोबर बोटीवर', 'मुंबईस', 'सतत गैरहजर, नाव कमी केले'. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांतली मुले कोणत्या इयत्तेत गळत, कोळीवाड्यातली कोणत्या, मुली कधी थांबवल्या जात आणि केव्हापासून थांबेनाशा झाल्या, हे या एका उभ्या रकान्यात दिसते. स्मरणिकेत आम्ही या रकान्याला पूर्ण प्रकरण देत आहोत.

आता जपणुकीविषयी थोडे, कारण इतर शाळांचे क्लार्क हे वाचतील. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि विटांवर उचललेले असावे. पावसाळ्यात आपल्याकडच्या भिंती ओल धरतात आणि वाळवी भिंतीतूनच येते. जाड रजिस्टर उभे ठेवले की पाने स्वतःच्या वजनाने खाली ओढली जातात आणि शिवण सुटते, म्हणून आडवे, आणि एकावर एक तीनच. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीच नाही : डिंक पिवळा पडतो, टेप सुटतो आणि अक्षरे सोबत घेऊन जातो. लॅमिनेशनही नाही, ते परत काढता येत नाही. पातळ टिश्यू आणि खळ पुरे. बुरशी दिसली तर ओले फडके लावायचे नाही आणि उन्हातही टाकायचे नाही, उन्हाने जुनी शाई उडते. पान सावलीत, हवेशीर जागी पूर्ण कोरडे होऊ द्यायचे, मग नाकाला रुमाल बांधून मऊ ब्रशने आतून बाहेरच्या बाजूला झाडायचे. झेरॉक्स काढताना वही काचेवर दाबली की पाठ मोडते, त्यापेक्षा खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, वरून फोटो घ्यावेत.

तुम्ही सांगितले त्याच पद्धतीने तिन्ही वह्यांचे फोटो काढून झाले आहेत. प्रत्येक फोटोत वहीचे अक्षर आणि पान क्रमांकाची चिठ्ठी आहे. एक प्रत शाळेत, दुसरी चर्चच्या ऑफिसात. मुलींच्या वहीतल्या चार पानांवरच्या शेऱ्याचा अर्थ अजून लागलेला नाही. अक्षर एकाच सिस्टरांचे दिसते आणि मजकूर बहुधा पोर्तुगीजमध्ये आहे. किल्लीची वही परत द्यायला येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) घरी येतो, ती चार पाने मोठी छापून सोबत आणतो. चष्मा जवळ ठेवा.

आपले,
शाळेच्या स्मरणिकेचे काम पाहणारे माजी विद्यार्थी