'मॅड मॅक्स' लिहिणारा पत्रकार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील 'मॅड मॅक्स' या ऑस्ट्रेलियन चित्रपटमालिकेवरचा लेख मनापासून आवडला. दिग्दर्शक जॉर्ज मिलर मूळचे डॉक्टर. सिडनीच्या रुग्णालयात त्यांनी अपघातात जायबंदी झालेली माणसे पाहिली आणि त्याचे पडसाद पडद्यावर उमटले, हे त्यात सविस्तर आले आहे. मात्र १९७९ च्या पहिल्या चित्रपटाची पटकथा मिलर यांच्यासोबत लिहिणारे जेम्स मॅककॉसलंड यांचा उल्लेख लेखात कुठेच नाही. हे फार खटकले.

मॅककॉसलंड मेलबर्नचे पत्रकार, 'द ऑस्ट्रेलियन' या दैनिकात अर्थविषयक पानांचे संपादक. पटकथेचा अनुभव शून्य. दिवसभर वर्तमानपत्राचे काम करून ते रात्री लिहायला बसत.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि काही महिन्यांतच पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेला. अर्थपानावर ही आकड्यांची बातमी. पण ऑस्ट्रेलियात संपांमुळे पंप कोरडे पडले, तेव्हा मॅककॉसलंड यांना त्या आकड्यांमागची माणसे दिसली. पेट्रोल असलेल्या पंपांवर लांबच लांब रांगा आणि मध्येच घुसू पाहणाऱ्यावर थेट हात उगारणारे एरवीचे सभ्य नागरिक! २००६ मध्ये ब्रिस्बेनच्या 'द कुरिअर-मेल'मध्ये त्यांनी स्वतः हे लिहिले आहे. गाडी चालू ठेवण्यासाठी माणसे जवळजवळ कोणत्याही थराला जातील, आणि पर्यायी ऊर्जेचा अवाढव्य खर्च देश वेळ निघून जाईपर्यंत मनावर घेणार नाहीत, ही त्या पटकथेची बैठक होती, असे ते सांगतात.

म्हणूनच मला पहिला भाग सगळ्यांत अस्वस्थ करणारा वाटतो. 'आजपासून काही वर्षांनी' एवढीच काळाची खूण देऊन तो सुरू होतो. त्यात जग अजून बुडालेले नाही. घरे आहेत, दुकाने आहेत, पोलीस आहेत. फक्त कायद्याचा धाक रोज थोडा थोडा ओसरतो आहे. समाज असाच, हप्त्याहप्त्याने ढासळतो, आणि ते टिपायला बातमीदाराची नजर लागते. याच मालिकेतला २०१५ चा 'फ्युरी रोड' चित्रभाषेचा कळस आहे, सहा ऑस्करही त्याला मिळाली. पण त्याच्या वाळवंटापर्यंत आपल्या दारातून रस्ता जात नाही. पहिल्या भागातल्या महामार्गापर्यंत जातो.

आणखी एक नाव राहून गेले. १९८१ च्या दुसऱ्या भागाचे सहलेखक टेरी हेज हेही पत्रकारच. पहिल्या भागावरून कादंबरी लिहिण्याच्या निमित्ताने ते मिलर यांच्याकडे आले आणि पटकथाकार झाले. तेलासाठी जग कसे बेचिराख झाले हे उघडपणे सांगणारे निवेदन याच दुसऱ्या भागाच्या आरंभी आहे. पहिल्यात जे रस्त्यावर नुसते जाणवत होते, त्याचा इथे उच्चार झाला.

अ‍ॅक्शनपट म्हटले की दिग्दर्शक, नायक आणि गाड्यांची मोडतोड यावरच लिहिले जाते. निदान वर्तमानपत्राने तरी आपल्याच व्यवसायातल्या माणसांना वगळू नये. पुरवणीच्या पुढच्या अंकात मॅककॉसलंड आणि हेज यांच्या लेखनावर स्वतंत्र लेख द्यावा, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक