पावसाळी संध्याकाळ वाया जाऊ न देणाऱ्या बाईंस

सातारा

आदरणीय बाई,

सविनय नमस्कार.

शाळेत वर्षानुवर्षे शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालेल्या व्यक्तीने पावसाळ्याच्या संध्याकाळी निवांत घरी बसावे, असेच कोणीही म्हणेल. आपण मात्र आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरील पार्किंगमध्ये मुलांना, आणि पुढे आम्हा पालकांनाही, घाम गाळायला लावलेत. त्याबद्दल हे आभारपत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण यवतेश्वरच्या बाजूने ढग उतरले की मुले मोबाइल घेऊन कोपरा धरतात, अशी घरे साताऱ्यात आमच्याच इमारतीत आहेत असे नाही.

मैदानात चिखल, अजिंक्यताऱ्याची वाट निसरडी आणि सायकल जिन्याखाली, हे चित्र एकदा सुरू झाले की ते सप्टेंबरपर्यंत हटत नाही. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांची दिवसाला सरासरी साठ मिनिटे तरी दमवणारी हालचाल व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा आकडा आम्ही ऐकून होतो. पण ही साठ मिनिटे सलग असण्याची गरज नाही, सकाळी दहा, शाळेतून आल्यावर पंधरा आणि संध्याकाळी उरलेली अशी ती तुकड्यातुकड्यांनी भरली तरी चालते, हे आपण समजावून सांगितलेत तेव्हा कुठे आमच्यासारख्या नोकरदार पालकांना ते जमण्यासारखे वाटू लागले.

व्यायाम पुरेसा जोरकस होतो आहे की नाही हे ओळखण्यासाठी आपण कोणतेही यंत्र आणले नाही, पाढे आणले. मुले जागच्या जागी धावत असताना आपण तेराचा पाढा म्हणायला सांगत होतात. ‘तेरा दुणे सव्वीस’ म्हणताना कोणी गाण्याचा सूर लावला, तर गुडघे आणखी उचलायचे. पाढा नुसता बोलता आला, तर वेग ठीक. आणि दोन शब्दांतच धाप लागू लागली, तर तो खरा दमवणारा व्यायाम, थोडा वेळ तसाच चालू ठेवून मग हळू व्हायचे. माझ्या मुलाचे पाढे यातून सुधारले, असा दावा मात्र मी करणार नाही.

सर्वांत अधिक ऋणी आहोत ते आपण मंगळागौरीचे खेळ खाली उतरवलेत म्हणून. श्रावणातल्या मंगळवारी रात्र जागवताना बायका ऐन पावसाळ्यात, घराच्या ओटीवर किंवा माजघरात, एवढ्याशा जागेत हे खेळ खेळत आल्या आहेत. पावसात घरच्या घरी अंग कसे हलवावे याची सोय आपल्याकडे आधीपासून होती. आम्हीच ती वर्षातून एका कार्यक्रमापुरती, नऊवारी नेसून फोटो काढण्यापुरती उरवली होती. बसफुगडीत उकिडवे बसून एकेक पाय आळीपाळीने पुढे टाकावा लागतो आणि मांड्या अशा भरून येतात की रोज व्यायामशाळेत जाणारे एक गृहस्थ मिनिटभरातच भिंतीला टेकले. फुगडी घालताना जोडीदार साधारण सारख्या वजनाचे असावेत, हात मनगटापाशी घट्ट धरावेत आणि पायांखालची फरशी कोरडी असावी, हे आपले तीन नियम होते. ओल्या चपलांचे पाणी आत येऊ नये म्हणून दाराशी गोणपाट अंथरून घेतल्याशिवाय आपण एकही खेळ सुरू होऊ दिला नाही. मुलगे आधी लाजत होते. वडील मंडळी झिम्म्याला उभी राहिल्यावर त्यांची लाज आपोआप गेली.

आजीमंडळींना आपण नुसते प्रेक्षक ठेवले नाही. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणे, एका पायावर काही क्षण उभे राहणे, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे, एवढेच त्यांना दिलेत. या वयात तोल सांभाळण्याचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी हवा, कारण पावसाळ्यात ओल्या अंगणात पडून हाड मोडले की पुढचे सगळे अवघड होते, हे आपण सांगितल्यापासून माझ्या सासूबाई टाचा उचलत भाजी निवडायला उभ्या राहतात.

पहिल्या मजल्यावरून उड्यांच्या आवाजाची तक्रार आली, तेव्हा आम्ही वाद घालण्याच्या तयारीत होतो. आपण दुसऱ्याच दिवशी दोरीवरच्या उड्या लवकरच्या वेळेत हलवल्यात आणि उशिरासाठी सूर्यनमस्कार, बैठका आणि भिंतीला पाठ लावून खुर्चीविना बसणे ठेवलेत. तक्रार करणारे कुटुंब नंतर खाली येऊ लागले.

आपली सावधगिरीही नोंदवली पाहिजे. पार्किंग चारही बाजूंनी उघडे असल्याने वीज कडाडू लागली की आपण खेळ थांबवून सर्वांना घरात पाठवत होतात आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास लोटेपर्यंत कोणाला खाली येऊ देत नव्हतात. दमा असलेल्या मुलाच्या आईला डॉक्टरांनी दिलेला पंप हाताशी ठेवायला सांगून त्याला सावकाश सुरुवात करून देत होतात, पण त्याला बाजूला बसवले नाहीत. उलट साधी भुरभुर असली तर आपणच मुलांना रेनकोट घालून फेरी मारायला बाहेर काढत होतात. अंग भिजले म्हणून काही बिघडत नाही, घरी आल्यावर कोरडे कपडे घाला, एवढेच आपले म्हणणे असे.

आपण आता काही महिने मुलीकडे राहायला जाणार आहात असे कळले. संध्याकाळी सहा ते सात या वेळेत पार्किंगमधील मधल्या दोन जागा मोकळ्या ठेवण्याचे सर्वांनी मान्य केले आहे. दोऱ्या, खडू आणि गोणपाट मीटरच्या खोलीतील कपाटात ठेवले आहेत, आणि खेळ घेण्याची पाळी आळीपाळीने एकेका घराकडे राहील. पहिली पाळी आमची आहे. बसफुगडीनंतर गुडघे दुखू नयेत यासाठी आधी काय करून घ्यावे, हे जाण्यापूर्वी एकदा पुन्हा दाखवावे, ही विनंती.

आपली नम्र,
इमारतीतील एक पालक