उद्यमनगरातल्या मामांना, टाकीवाल्याकडून

मामा, नमस्कार.

नाव घालू नको असं तुम्ही बजावून सांगितलंय त्यामुळे नाव घालत नाही, दुकानाचा बोर्डही सांगत नाही, पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांचं रोजचं येणंजाणं आहे त्यांना कळायचं ते कळेलच. मोबाईलवर तुम्ही काही वाचत नाही हे माहिती आहे, नातवाला सांगून ठेवलंय वाचून दाखव म्हणून. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बास कर, च्या घे" म्हणून विषय संपवता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आता काय करताय करा.

ज्यांना काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. घरी समुद्राच्या पाण्याची टाकी केलीय, रीफ टँक म्हणतात तसली. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच, 15 एमएम काच. म्हणजे वर साधारण 850 लिटर पाणी आणि खाली कॅबिनेटमध्ये दुसरी छोटी टाकी, तिला सम्प म्हणतात, त्यात फिल्टर, फेस करून पाण्यातली घाण काढणारा स्किमर, हीटर, पंप सगळं. वरचं पाणी पाइपातून खाली पडतं आणि पंप ते परत वर ढकलतो, चोवीस तास. मासे, कोरल म्हणजे प्रवाळ, लाइट हे सगळं लोकांना दिसतं. खालचं लोखंड आणि पाइप कोणी बघत नाही आणि ह्या पत्रात मला फक्त त्याच्याबद्दलच बोलायचंय.

टाकी घ्यायची ठरल्यावर मी जेवढ्या लोकांशी बोललो त्यांनी मला विचारलं कुठले मासे, लाइट कुठली, बजेट किती. एका दुकानदाराने तर टाकीबरोबर प्लायवूडचा स्टँड फ्री देतो म्हणून सांगितलं. तुमच्याकडं आलो तर तुम्ही आधी विचारलंत, "वजान किती भरंल?" मला सांगता येईना तर तुम्हीच खडूनं फरशीवर मांडलंत, काच पावणेदोनशे किलोच्या आसपास, पाणी साडेआठशे, त्यात दगड, खालची टाकी, स्टँड, सगळं मिळून सव्वा टन. "सव्वा टन तू वरच्या मजल्यावर हॉलमधी ठेवणार? आधी इंजिनिअरला इचार, मग माझ्याकडं ये." आणि खरंच, पैसे द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही परत पाठवलंत.

इंजिनिअरने सांगितलं की घराचा स्लॅब साधारण एका चौरस मीटरला 200 किलो धरून डिझाइन करतात, आणि ही टाकी दीड चौरस मीटरसुद्धा जागा अडवत नाही, म्हणजे चौपटीच्या वर लोड. त्याने बीमच्या कडेला वगैरे पर्याय काढून दाखवले पण त्याचाही चेहरा काही खुश नव्हता. मग टाकी खाली आली, आजोबांच्या जुन्या ऑफिसच्या खोलीत. त्यावर तुमचा लगेच पुढचा प्रश्न, "2019 ला पाणी कुटवर आलं हुतं?" महापुराचं पाणी आमच्या गल्लीत आलं नव्हतं. "मग बिनघोर कर." कोल्हापुरात खाली काही मांडायचं तर हा प्रश्न पहिला पाहिजे पण मला तो दुसऱ्या कोणी विचारला नाही.

स्टँडबद्दल मी किती लिहिलं तरी कमीच आहे. 50 बाय 50 चा चौकोनी पाइप, आणि टाकीचं वजन थेट पायावर यायला पाहिजे, वेल्डिंगवर लटकता कामा नये, हे तुमचं म्हणणं, म्हणून वरची फ्रेम पायांच्या डोक्यावर बसवलीत. पाइपची उघडी तोंडं पत्र्याने बंद करून वेल्ड मारलीत, कारण खारी हवा पाइपच्या पोटात शिरली की गंज आतून खातो आणि बाहेरून कळत नाही. मग ग्राइंडर, मग प्रायमर, मग इपॉक्सीचे हात, आणि प्रत्येक हात वाळल्याशिवाय पुढचा नाही. मी घाई करत होतो तर म्हणालात "तुला टाकी किती वरसं पायजे? मग चार दिस थांब की लेका."

आणि लेव्हल! माझ्याकडं चांगला स्पिरिट लेव्हल होता, तुम्ही तो बाजूला ठेवून गवंड्यांची पारदर्शक नळी काढलीत, पाणी भरलंत, एक टोक नातवाच्या हातात आणि एक तुमच्या, आणि गुडघ्यावर बसून चारी कोपरे बघितलेत. आमची शहाबादी फरशी दाराकडं उताराला आहे हे आम्हाला इतकी वर्षं राहून माहिती नव्हतं. पायांखाली जाड प्लेटा आणि मोठे बोल्ट दिले होतेत ते त्याच्यासाठीच, एकेक बोल्ट पाना लावून अर्धा-पाव आटा फिरवत बसलात, नळीतलं पाणी दोन्हीकडं खुणेवर येईपर्यंत. मग वर प्लाय, त्यावर थर्माकोल, मग टाकी. आज पाण्याची रेष काचेच्या वरच्या पट्टीला पूर्ण सहा फूट समांतर आहे, येणाऱ्या माणसाला मी आधी ती दाखवतो आणि मग मासे.

आता प्लंबिंग. टाकी विकणाऱ्याने एक ड्रॉइंग दिलं होतं, त्यात रिटर्नचं नोझल, म्हणजे पंपाचं पाणी परत वर टाकीत सोडणाऱ्या पाइपाचं तोंड, पाण्याखाली चार इंच दाखवलं होतं आणि लाइनीत एक एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा व्हॉल्व्ह. तुम्ही ड्रॉइंग उलटंसुलटं करून बघितलंत आणि म्हणालात, "लाइट गेल्यावर पाणी कुटं जाणार?" मी म्हटलं एनआरव्ही आहे की. तुम्ही हसलात. निम्मं आयुष्य तुम्ही पाणीपुरवठा संस्थांच्या लिफ्टच्या लाइनी जोडण्यात घालवलंय, नदीवरनं उसाला पाणी नेणाऱ्या, त्यामुळं एनआरव्हीत एक काडी अडकून तो उघडाच राहिला की काय होतं हे तुम्हाला मी काय सांगणार.

हिशेब तुम्ही कॅलेंडरच्या मागं केलात, तो कागद माझ्याकडं आहे. टाकीचं तोंड पंधरा चौरस फूट म्हणजे एक इंच पाणी उतरलं की 35 लिटर. पंप बंद पडला की रिटर्नचा पाइप उलटा सायफन होतो आणि नोझल उघडं पडेपर्यंत पाणी खाली ओढत राहतो, चार इंच म्हणजे 140 लिटर. खालच्या सम्पमध्ये दहा-साडेदहा लिटरला एक इंच, म्हणजे पाणी तेरा इंच चढणार. सम्प आहे अठरा इंच उंच आणि चालू असताना त्यात नऊ इंच पाणी असतंच. नऊ आणि तेरा बावीस. वरचे चार इंच कुठं जाणार तर फरशीवर, चाळीसेक लिटर खारं पाणी, तेही बोर्ड आणि एक्स्टेंशनच्या शेजारी. एवढं साधं गणित आहे आणि ते ड्रॉइंग छापून विकणाऱ्याने केलेलं नव्हतं.

मग तुम्ही नोझल वर घेतलंत, पाण्याच्या जेमतेम खाली, आणि पाइपला पाण्याच्या रेषेच्या किंचित खाली एक भोक पाडलंत म्हणजे पातळी थोडी उतरली की त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. एनआरव्ही काढूनच टाकला. नंतर पंप बंद करून बघितलं, सम्पमधलं पाणी चढलं आणि थांबलं, तिथं काचेवर पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने लिहिलंत 'लाइट गेल्यावर', आणि खाली दुसरी पट्टी, 'चालू'. त्या पट्ट्या अजून आहेत. आमची ही म्हणाली काढून टाक चांगल्या दिसत नाहीत, मी म्हटलं हात लावायचा नाही.

खाली उतरणारे पाइप तीन ठेवायचे होते. एक पूर्ण भरून वाहणारा, त्याला गेट व्हॉल्व्ह, दुसऱ्यातून थोडंसं पाणी आणि तिसरा कायम कोरडा. तुम्हाला तिसरा पटेना, "कोरडाच ऱ्हाणार तर पैसं कशाला घालवतोस?" मी सांगितलं पहिल्यात गोगलगाय जाऊन बसली, दुसराही तुंबला, तर हा आपोआप चालू होतो. तुम्ही क्षणभर थांबलात आणि म्हणालात, "म्हंजे राधानगरीचं दरवाजं." बरोब्बर तेच, धरण भरलं की आपले आपण उघडणारे. मी ह्या विषयावर परदेशी लोकांचे तासतासभराचे व्हिडिओ बघितलेत मामा, एवढं सोपं करून कोणी सांगितलं नाही.

पितळेचा किस्सा सांगायलाच पाहिजे. तुमच्याकडं ड्रॉवरभर पितळी व्हॉल्व्ह होते, एकापेक्षा एक चांगले, तुम्ही ते प्रेमाने काढून ठेवले होतेत. मी म्हटलं मामा पितळेत तांबं असतं आणि खाऱ्या पाण्यात ते थोडं जरी उतरलं तरी कोळंबी, गोगलगाय, कोरल सगळं मरतं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता चाळीस वर्षं हेच लावतोय कुणाचं काय वाकडं झालं. तुम्ही ड्रॉवर बंद केलात आणि सगळं यूपीव्हीसी म्हणजे कडक प्लास्टिकचं घेऊन आलात, प्रत्येक ठिकाणी युनियन, म्हणजे खोलता येणारा सांधा, टाकलंत म्हणजे उद्या पंप साफ करायला पाइप कापायला नको. शिवाय निघताना होजला लावलेली एक स्टीलची क्लिप दिसली ती पण स्वतःच काढून खिशात घातलीत, "हीबी गंजंल." प्लास्टिकचा गेट व्हॉल्व्ह इथं मिळत नव्हता तो कुठनं मागवलात देव जाणे. ज्या दिवशी तो बसवला आणि तुम्ही कान लावून एकेक आटा फिरवत गेलात आणि ती घळघळ हळूहळू कमी होत पूर्ण बंद झाली, तेव्हा आई आतनं विचारत आली की बंद पडलं काय? चालू होतं सगळं.

नंतरचं पटकन सांगतो. आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून सगळे क्षार काढलेलं पाणी थेंबथेंब भरून, हजारभर लिटरला पस्तीस किलोच्या वर मीठ गेलं. बाजारातलं खडा मीठ घाल की म्हणालात पण ह्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं मापात लागतं, नुसता खारटपणा पुरत नाही. मग महिनाभराहून जास्त नुसते दगड, कारण माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया खाणारे बॅक्टेरिया तयार होईपर्यंत मासा सोडायचा नसतो. तुम्ही येऊन बघून गेलात, "एवढा खर्च करून धोंडं पाळलाईस व्हय रं?" आता क्लाउनफिश आहेत, हॅचरीतले. त्यांच्यात सगळे नर म्हणून जन्मतात आणि त्यातला सगळ्यात दांडगा मादी होतो हे सांगितल्यावर तुम्ही जे म्हणालात ते इथं लिहिता येणार नाही.

तुमच्या पुतण्याने मालवणातनं कोरल आणून देतो म्हणून सांगितलेलं, प्रेमाने सांगितलं हे कळतं, पण त्याला परत एकदा सांगा की तसं करायचं नाही. दगडासारखं कठीण वाढणारं कोरल 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ आहे त्याच यादीत, आणि मालवणचा तो भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथलं तिथंच राहूदे, बघायचं तर जाऊन बघावं. माझ्याकडं मऊ जातीचीच आहेत, दुसऱ्या हौशी लोकांच्या टाकीत वाढलेल्या तुकड्यांतून घेतलेली.

हे सगळं आत्ताच का लिहितोय तर गेल्या आठवड्यातला वळीव. विजा काय, वारा काय, आणि साडेसातला पूर्ण भागाची लाइट गेली ती रात्री उशिरापर्यंत. मी टॉर्च घेऊन कॅबिनेट उघडून बसलो. सम्पमधलं पाणी चढत चढत तुमच्या पट्टीपर्यंत आलं आणि पट्टीच्या खालच्या कडेला थांबलं, अक्षरसुद्धा भिजलं नाही. फरशी कोरडी. टाकीतला लाटा करणारा छोटा पंप इन्व्हर्टरवर होता त्यामुळं माशांना हवा मिळत राहिली. लाइट आल्यावर मोठा पंप आपला आपण सुरू झाला, पाइपांनी मिनिटभर घळघळ केली आणि गप्प झाले. मला काहीच करायला लागलं नाही, नुसता बघत बसलो होतो. तेव्हाच ठरवलं की मामांना आता च्या पिऊन सोडायचं नाही, लिहायचंच.

आणि कोल्हापुरात कोणी मोठी टाकी करणार असेल तर फुकटच्या स्टँडवर जाऊ नका. लोखंडाचं आणि पाण्याचं काम कळणाऱ्या माणसाकडं जा, त्याला मासे कळले नाहीत तरी चालतात, ते तुम्ही शिकाल.

आता कामाचं. त्या गेट व्हॉल्व्हचे पैसे तुम्ही अजून सांगितलेले नाहीत, विचारलं की "बघू की" म्हणता. नातवाकडनं आकडा पाठवा नाहीतर मी अंदाजाने देईन आणि मग जास्त दिले म्हणून भांडायचं नाही. दुसरं, उन्हाळ्यात पाणी 29 अंशांच्या वर जायला लागलंय, पाणी थंड करणारा चिलर घेतोय, तो मागच्या गॅलरीत ठेवायचा आहे म्हणजे त्याची गरम हवा खोलीत नको. त्याला अँगलचं स्टँड आणि भिंतीतून दोन पाइप लागतील. मापं नातवाला पाठवलीत. रविवारी या, सकाळीच या, आणि जेवूनच जायचंय, आईने सांगितलंय पांढरा-तांबडा दोन्ही करणार आहे.

तुमचा,
टाकीवाला