विषय : दिवस सहावा, व्हेरोना. १ तास २० मिनिटांचा ‘पूर्ण दिवस’

व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या कस्टमर केअरशी चौथ्यांदा बोलणं झालं. पाचव्यांदा बोलायची ताकद नाही, म्हणून लेखी. सहल तुमचीच, ‘मैत्रिणींसोबत व्हेरोना’ : आम्ही पाच मैत्रिणी, इटली, आणि सहाव्या दिवशी रोमिओ-ज्युलिएटचं गाव व्हेरोना.

तुमच्या पत्रिकेत छापलंय : मिलानहून व्हेरोना, पूर्ण दिवस, अरेना प्रवेशासह. (अरेना म्हणजे तिथलं रोमन काळातलं खुलं प्रेक्षागृह.) सकाळी ८ ला निघालेली बस आधी फॅक्टरी आउटलेटला थांबली, २ तास ४० मिनिटं. आम्हा पाचजणींना तिथे एक मोजासुद्धा घ्यायचा नव्हता. मग वाट वाकडी करून ‘इंडियन लंच’. पनीर. व्हेरोनात पोचलो ३.२५ ला, बसमध्ये परत बसवलं ४.४५ ला. जुन्या गावात टूरच्या बस सोडत नाहीत, म्हणजे चालत २० मिनिटं जायला, २० यायला. आमच्यातल्या एकीचा गुडघा बदललाय, तिला पंचवीस लागली. उरलेल्या वेळाचा हिशेब तुमच्या अकाउंट्सवाल्यांनी करावा.

अरेनाच्या बाहेरच्या भिंतीतल्या चारच कमानी १११७ च्या भूकंपानंतर उरल्या. त्या आम्ही पाहिल्या, चालता चालता. आत? टूर मॅनेजर म्हणाले, “रांग मोठी आहे, आज बाहेरून दर्शन घेऊ.” बाहेरून दर्शन आम्ही पंढरपूरला कळसाचं घेतो. त्याचे कोणी युरोत पैसे लावत नाही.

पियाझ्झा देल्ले एर्बे या जुन्या चौकाजवळच्या कमानीत देवमाशाची बरगडी टांगलेली आहे. १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवलेला पोन्ते पिएत्रा हा पूल नदीतून जुने दगड काढून पुन्हा बांधलाय. हे सगळं बघायचं म्हणून मी घरून कागदावर उतरवून नेलं होतं. कागद अजून पर्समध्ये आहे, घडी न मोडलेला.

आता आजचा फोन. ज्युलिएटच्या घरी आम्ही गेलो म्हणजे व्हिया कापेल्लो या रस्त्यावर, दाराबाहेरच्या गर्दीत, सहा मिनिटं उभ्या राहिलो. तिची बाल्कनी जिथून दिसते त्या अंगणात शिरता आलं नाही. कमानीतून दिसली ती लोकांची डोकी आणि वर धरलेले मोबाइल. हे मी तुमच्या ‘रिलेशनशिप मॅनेजर’ना चौथ्यांदा सांगितलं. ते म्हणाले, “एक मिनिट हं मॅम.” मला कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. मग आवाजात एकदम उत्साह : “मॅम, ती बाल्कनी ओरिजिनल नाहीच आहे! नेटवर दिलंय. नंतर बसवलीये. मग तुमचं नेमकं मिस काय झालं?”

मी काहीच बोलले नाही. त्यांना वाटलं फोन कट झाला. “हॅलो मॅम, आवाज येतोय का?” येत होता. मग म्हणाले, “अजून काही हेल्प करू शकतो का? नसेल तर कॉलला फाइव्ह स्टार द्याल प्लीज.”

साहेब, बाल्कनी १९३० च्या दशकाच्या शेवटी जुन्या घराची डागडुजी करताना बसवली, हे मला निघायच्या आधीपासून माहीत आहे. अंगणातला ज्युलिएटचा पुतळाही प्रतिकृती आहे, मूळचा २०१४ मध्ये आत नेला, हेही माहीत आहे. तुमच्याच पत्रिकेत पान ११ वर ‘ज्युलिएटची अस्सल बाल्कनी’ असं लाल अक्षरात आहे. म्हणजे पैसे घेताना अस्सल आणि तक्रार आली की नकली. आम्हाला ती खोटी बाल्कनी खाली उभं राहून, हसून बघायची होती. पाचजणींनी एकत्र. तेवढंच होतं.

चार वर्षं भिशी लावून हे पैसे जमवले. कॉलेज सुटल्यावर पस्तीस वर्षांनी पाचजणी पहिल्यांदा एकत्र निघालो होतो. त्यातला एक दिवस तुम्ही आउटलेटला विकलात. (तिथे कमिशन मिळतं का, असा प्रश्न मी विचारत नाही. टूर मॅनेजरना विचारला होता, ते पाणी आणायला गेले.) मिलानहून व्हेरोनाला वेगवान रेल्वे साधारण सव्वा तासात जाते, स्टेशनपासून अरेना चालत वीसेक मिनिटं. आम्ही तुमच्यावर विसंबलो, ही आमची चूक. पूर्ण दिवसाचे १ तास २० मिनिटं केले, ही तुमची. हे मी आधी लिहिलंय, माहीत आहे. पुन्हा लिहिते : १ तास २० मिनिटं.

पाचही जणींचे सहाव्या दिवसाचे पैसे आणि अरेनाच्या तिकिटाची रक्कम परत हवी आहे, आणि पान ११ वरचा ‘अस्सल’ हा शब्द काढलेला हवा आहे. पुढच्या सहलीवर १०% सवलतीचं कूपन पाठवू नका, ते दोनदा आलंय. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. आमच्यातली एक निवृत्त कोर्ट क्लार्क आहे, कागद तिने तयार करून ठेवलेत.

माझ्या वडिलांनी तुमच्याबरोबर चारधाम केली होती. तेव्हा तुमचा माणूस त्यांना केदारनाथला हात धरून वर घेऊन गेला होता. तो माणूस अजून तुमच्याकडे असेल तर हे पत्र त्याला वाचायला द्या.

पाचजणींच्या वतीने,
‘लेडीज ग्रुप, नाशिक’ (तुमच्या यादीत असंच लिहिलंय)

सोबत : पत्रिकेचं पान ११, बसच्या वेळांचे फोटो, चार कॉलच्या तारखा