घोंगडी मी नेली आहे

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, आधी जेवणाचं सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. सकाळी अंडी आणि दूध, दोन्ही वेळा पोळी-डाळ, तीही पोटभर. खोलीत आम्ही तिघी आहोत, गिझर चालतो, दाराला आतून भक्कम कडी आहे. तुझी कांदा-लसूण चटणी अजून अर्धा डबा आहे. जालंधरची थंडी बोचते, पण तू बळेच दिलेला स्वेटर कामाला येतोय.

बाबा, ट्रंकेतली घोंगडी शोधत बसू नका. निघताना मीच घेतली. विचारायला हवं होतं. पण तुम्ही नको म्हणाला असतात, तर मला उंबरा ओलांडता आला नसता.

पुढच्या महिन्यात माझी पहिली लढत आहे, टीव्हीवर दिसते तसल्या व्यावसायिक फ्रीस्टाइल कुस्तीची. रिंगणातलं नाव ठरलं, ताराऊ. कागदावर सही झाली आहे, तेव्हा आता त्यावर वाद नको.

त्या रात्री तुम्ही ‘नूरा कुस्ती’ म्हणालात आणि ताट सारून उठलात. आपल्या घरात तो शब्द शिवीच्या जागी आहे, हे मला माहीत नाही का? त्या जत्रेत जोडी ठरवून बरोबरीत सुटली, तेव्हा मला खांद्यावर घेऊन तुम्ही भर मैदानातून उठून आलात. मी तुमचे चेपलेले कान धरून बसले होते आणि घर येईपर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नव्हता. पण बाबा, नूरा कुस्तीतलं पाप कोणतं? खरी बघायला आलेल्या माणसाला खोटी दाखवायची, हेच ना? इथे येणाऱ्याला निकाल ठरलेला असतो हे ठाऊक असतं, नाटकाला जाणाऱ्याला असतं तसं. पडणं मात्र खरं. लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या, वर थोडासा फोम आणि कॅनव्हास. हनुवटी छातीला लावायची, पाठ सपाट टेकवायची, दोन्ही हात आपटायचे, म्हणजे मार एका जागी बसत नाही. पहिले कित्येक दिवस मी फक्त पडायलाच शिकले. आणि समोरचीला उचलून टाकते तेव्हा तिची मान माझ्या भरवशावर असते. जोडीदाराला जपायचं असतं, हे तुमच्या वस्तादांचंच शिकवणं ना? दारासिंगांचा फोटो तुम्ही देवघराशेजारी लावलाय. किंगकाँग पैलवानाशी ते लढले, 1968 साली मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवलं, ती लाल मातीतली कुस्ती नव्हती, व्यावसायिक फ्रीस्टाइल होती. तुम्ही त्यांना कधी कमी लेखलं नाहीत.

आयोजकांनी आधी मला लावणीवाली करायचं ठरवलं होतं. नथ, घुंगरं, कंबर लचकवत प्रवेश. मी साफ नाही म्हणाले. मग प्रशिक्षक म्हणाले, तू कोण आहेस ते घेऊन ये, फक्त शेवटच्या रांगेतल्या पोरालाही दिसेल एवढं मोठं कर. रात्रभर जागी होते. डोळ्यांसमोर कोल्हापूरचं खासबाग मैदान आलं. हलगी कडाडतेय आणि तुम्ही घोंगडी खांद्यावर टाकून, मान खाली, जराही घाई न करता चालत येताय. माती कपाळाला लावलीत, मग शड्डू. ताराऊ तशीच चालणार. माइकवरही ती आपल्यासारखंच बोलणार, “मी येतो, थांब तिथंच.” नाव आजीचं आहे आणि कावळा नाक्यावरच्या महाराणी ताराराणींचंही. शाळेला सोडताना त्या पुतळ्यापाशी तुम्ही सायकल हळू करायचात, आठवतं?

आई, कपड्याची तू अजिबात काळजी करू नकोस. लाल मातीचा रंग, काष्ट्याचा घाट, घोट्यापर्यंत झाकलेलं. 2017 साली हरियाणाची कविता देवी सलवार-कमीज घालून अमेरिकेत लढली, तेव्हा अंग झाकून लढता येत नाही असं कुणी म्हणू नये. कापड चारी बाजूंनी ताणणारं आहे. पहिल्यांदा मी त्याला सरळ टीप मारली आणि सरावात मांडीशी टर्रकन उसवलं. कापड ताणतं, दोरा ताणत नाही. मग नागमोडी टाका घातला, आणि झंपराच्या काखेत तू चौकोनी तुकडा लावायचीस तसा मांडीच्या जोडात लावला. आता कितीही पाय फाकले तरी शिवण हलत नाही. खरा कोल्हापुरी साज घालता येत नाही, कुणाचं बोट अडकेल, म्हणून तो गळ्यावर रंगानं काढला. एकवीसच्या एकवीस पानं, दशावतार, अष्टमंगल, माणिक, पाचू, डोरलं. मासा थोडा तिरका झालाय. तुझ्या साजातला मासा हाताला लागायचा, तुझ्या कुशीत झोपताना मी त्याच्याशी खेळायचे.

आता ऐका. बाबा, साखरेची गोळी जेवणाआधीच घ्यायची, आठवेल तेव्हा नाही. गंगावेशीत दूध प्यायला जाल तेव्हा बिनसाखरेचं मागा. पाऊस झाला की रंकाळ्यावर फिरायला जायचं नाही, पायऱ्या निसरड्या होतात आणि तुमचा गुडघा मला ठाऊक आहे. माळ्यावर चढायचं काम भाच्याला सांगा. आई, मोतीबिंदूचं दिवाळीनंतर बघू असं म्हणू नकोस, दर वेळी तेच म्हणतेस. मी पैसे एक तारखेला टाकते, तारीख घेऊन मला कळव. तोवर सुई हातात धरायची नाही.

लढतीचा व्हिडिओ पाठवीन. बाबा, बघायलाच हवा असं नाही. आई, तू एकटीनं बघितलास तरी चालेल, आवाज बारीक ठेव.

घोंगडी दोरांपाशी घडी करून ठेवायची आणि मग आत उतरायचं, एवढंच तिचं काम. कॅनव्हासला तिचं टोकही लागू देणार नाही. रोज उन्हात टाकते. धुतलेली नाही, तुमच्या अंगाच्या तेलाचा वास अजून आहे.

तुमची,
बाळी