एएफपी रक्तचाचणी नॉर्मल आली म्हणून यकृताची सोनोग्राफी टाळू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

यकृतदानावरचा आपला लेख वाचला. ‘यकृत पुन्हा वाढते’ हे त्यातले वाक्य अगदी खरे आहे. हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी 1931 मध्येच दाखवले होते, की पांढऱ्या उंदराचे दोन तृतीयांश यकृत काढले तरी आठ-दहा दिवसांत ते भरून येते. पण हेच वाक्य आमचा दादाही सगळ्यांना ऐकवायचा, म्हणून हे पत्र.

मी 26 वर्षे रक्तपेढीत तंत्रज्ञ होते. एका शिबिरानंतर एलायझा या रक्ततपासणीच्या प्लेटमध्ये एकच खळगा पिवळाधमक झाला. नंबर ताडून पाहिला, तो दादाचा! ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह, म्हणजे हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूची लागण. त्याला काहीच त्रास नव्हता. “यकृत आपलं आपण दुरुस्त होतं गं,” म्हणाला.

दुरुस्त होते, पण कसे? यकृत कापले, की तासाभरात फॉस, जून, मिक ही वाढीची जनुके जागी होतात, काही तासांतच शांत होतात, आणि वजन भरले की वाढ थांबते. हिपॅटायटिस बीमध्ये मात्र वर्षानुवर्षे पेशी मरत राहतात आणि नव्या होत राहतात. दर खेपेला डीएनएची नक्कल होते, तिच्यात चुका राहतात. शिवाय हा विषाणू स्वतःच्या डीएनएचे तुकडे आपल्या गुणसूत्रांत घुसवतो. एखाद्या पेशीत मग वाढीची जनुके शांत व्हायचे नावच घेत नाहीत, आणि कर्करोग सुरू होतो.

यकृताच्या कर्करोगाच्या शंकेने रक्तात एएफपी मोजतात. हे गर्भाच्या यकृतात तयार होणारे प्रथिन. जन्मानंतर त्याचे जनुक जवळजवळ बंद होते. यकृताची झीज भरून निघताना ते पुन्हा थोडे उघडते, कर्करोगातही उघडते. त्यामुळे नुसत्या सुजेतही आकडा वाढू शकतो आणि सुरुवातीच्या कितीतरी गाठींत तो वाढतच नाही. दादाचा आकडा 4.8, म्हणजे नॉर्मल आला. त्याखाली लाल पेनने रेघ मारून त्याने रिपोर्ट देवघराच्या फळीवर ठेवला. सोनोग्राफी कुणी सांगितली नाही. मीही आग्रह धरला नाही, आणि ते मला आजही सलते. सव्वा वर्षाने केली, तेव्हा गाठ 7 सेंटिमीटरची होती. चार महिन्यांत दादा गेला.

यकृतदानाच्या लेखाशेजारी एवढे जरूर छापा: हिपॅटायटिस बी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, एएफपी तिच्या जोडीला. 2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतून या आजाराची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. आणि बाळाला पहिली लस जन्मानंतर 24 तासांच्या आत मिळालीच पाहिजे. आमचा धाकटा भाऊही पॉझिटिव्ह निघाला. दोघांनाही बहुधा आईकडूनच लागण झाली असावी. तेव्हा ही लस नव्हती.

धाकट्याची पुढची सोनोग्राफी येत्या सोमवारी आहे. मी सोबत जाणार आहे.

आपली,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ, मिरज